मेंदूत चिप बसवली तर मी मीच राहणार का? (आणि ते जहाज आता बास!)

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की शेवटी म्हटलं, चला, बसूयाच. "ताई, मेंदूत चिप बसवल्यावर माणूस तोच राहतो का?" आणि त्याच्या खाली ज्यांनी ज्यांनी थिसियसच्या जहाजाची गोष्ट टाकलीये, एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच का वगैरे, तुम्ही सगळे लाडके आहात माझे, पण बास आता. जहाजाला विचारता येत नाही "बाबा रे, तुला कसं वाटतंय?" माणसाला येतं. तिथंच सगळी गंमत आहे.

बेसिक पटापट उरकते. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकण्यासाठीचं, ते कित्येक वर्षं आहे. पार्किन्सनसाठी, म्हणजे हात थरथरण्याच्या आजारासाठी, मेंदूत बारीक तारा घालून हलका करंट देतात आणि छातीत, कॉलरबोनच्या खाली बॅटरी ठेवतात, ते डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), फ्रान्समध्ये ग्रनोबलला बेनाबिद नावाच्या सर्जननी १९८७ साली सुरू केलेलं. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीनं पहिल्या माणसाला १०२४ इलेक्ट्रोडवाली (मेंदूचे सिग्नल टिपणारी) चिप बसवली, तो नुसत्या विचारानं कर्सर हलवतो, बुद्धिबळ खेळतो. आणि पुढे म्हणे आख्खं मन कॉम्प्युटरवर चढवणार, जे अजून कुणीही केलेलं नाहीये. झालं बेसिक.

आता घोळ कुठे होतो ते सांगते. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, "तोच" आणि "तसाच". कमेंटमध्ये नव्वद टक्के भांडणं ह्या दोघांची अदलाबदल केल्यामुळे होतात. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्व्हे नाही.)

फोन घ्या. तुमचा मोबाईल पाण्यात पडला, तुम्ही त्याच मॉडेलचा नवा आणला, बॅकअप टाकला, वॉलपेपरसुद्धा तेच. तो तसाच आहे, पण तोच नाही, तो तर पाण्यात गेला. उलट, जुन्याच फोनची स्क्रीन बदलली, बॅटरी बदलली, कव्हर भगवं होतं ते निळं केलं. तो तोच आहे, पण तसाच नाही. कळलं? मन कॉम्प्युटरवर चढवणं हा पहिला प्रकार, चिप बसवणं हा दुसरा. एका भावानं लिहिलंय, "सगळ्या आठवणी असतील तर तोच ना ताई!" भाऊ, तुमच्या मागे जॉन लॉक उभा आहे, १६९४ सालापासून, आठवण तीच तर माणूस तोच म्हणणारा इंग्लिश तत्त्वज्ञ. पण तुम्ही जिवंत असताना तुमच्या दोन कॉप्या काढल्या, तर होम लोनचा हप्ता तिघांपैकी कुणाच्या खात्यातून जाणार? आणि वहिनी कुणाला डबा देणार?

बरं, फोननं नाही पटलं तर रेशन दुकान. माझी आजी, आयुष्यभर चिंचेनं तांब्या-पितळेची भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्यात, मशीनवर अंगठा लागतच नाही. तीन वेळा पुसला, पदराला कोरडा केला, एकदा तर दुकानदारानं व्हॅसलीन लावायला दिलं. मशीन म्हणतंय जुळत नाही. आजी म्हणते, "अरे मी तीच आहे की!" मागे रांगेतली सगळी म्हणतायत तीच आहे, ओळखतो आम्ही. मशीनला "तीच" कळतच नाही, त्याला फक्त "तशीच" कळतं. अंगठा तसाच असेल तर माणूस तोच, एवढीच त्याची अक्कल.

तिसरं, आणि हे माझं फेव्हरेट. नेदरलँड्समध्ये एक साठीला टेकलेले गृहस्थ, त्यांना तीव्र ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार), त्यासाठी डीबीएस केलं. काही महिन्यांनी त्यांना जॉनी कॅश हा अमेरिकन गायक प्रचंड आवडायला लागला, आधी काही विशेष नव्हतं, आता दुसरं काही ऐकेचनात. आणि बॅटरी संपली की आवड गायब! परत जुनी गाणी. २०१४ मध्ये डॉक्टरांनी ही केस छापली. आता सांगा, तो माणूस तोच आहे ना? आहेच. तसाच आहे का? बॅटरीवर आहे.

विक्रम-वेताळमध्ये धडांची अदलाबदल होते ती गोष्ट आठवते? राजा म्हणतो, डोकं ज्याचं तो खरा. राजाचं बरं होतं, त्या काळी डोक्यातच तार घालत नव्हते.

आता घरातलं सांगते. माझा मामा, रिटायर्ड कंडक्टर, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. पार्किन्सनसाठी डीबीएस झालं, हाताची थरथर थांबली, पहिल्यांदा कपातला चहा बशीत न सांडता प्यायला, मामी रडली. मग एका फॉलोअपला करंटचं सेटिंग वाढवलं आणि मामा सुटलाच! पहाटे पाचला नातेवाईकांना फोन, आठवड्यात चार छत्र्या, एकदा तर ओळख नसलेल्या माणसाला घरी जेवायला घेऊन आला. असं होऊ शकतं हे आधी कुणी नीट समजावलंच नव्हतं, सह्या मात्र भराभर घेतल्या, त्याचा राग मला अजून आहे. मामी म्हणे, "हे ते नव्हेतच." आणि मामा म्हणे, "मला तर आत्ताच मी असल्यासारखं वाटतंय, आधी मी आजारी होतो." मग खरं कुणाचं धरायचं?

ह्याची उलटी बाजूपण आहे हां. मेलबर्नला फिट्स येणाऱ्या १५ जणांना फिट येण्याआधी इशारा देणारं यंत्र बसवलं होतं. त्यातल्या एका बाईला ते स्वतःचाच भाग वाटायला लागलं, पहिल्यांदाच ती एकटी बिनधास्त बाहेर पडत होती. कंपनीकडचे पैसे संपले, यंत्र काढायला सांगितलं. नवरा-बायको घर गहाण टाकून विकत घ्यायला तयार होते. नाही मिळालं. म्हणजे तिला जे "मी" वाटत होतं त्याची मालकी दुसऱ्याकडे होती. मला चिपची भीती ह्या कारणासाठी वाटते, जहाजासाठी नाही.

हां, तर मामा. पुढच्या ओपीडीत डॉक्टर लॅपटॉप उघडून बसले, म्हणाले, "थोडं कमी करतो, पण हात जरा हलेल. कुठं ठेवू?" मामानं मामीकडे बघितलं. मामी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "हात नका हलू देऊ. बोलू देत त्यांना. पण पाकीट आणि फोन माझ्याकडे."

मामा म्हणाला, "चालेल," आणि डॉक्टरांनाच विचारलं, छत्री हवी का.

तुम्ही कुठं ठेवलं असतं सेटिंग, कमेंटमध्ये लिहा. जहाज दिसलं की डिलीट करणार.