दाव्याआधीची नोटीस

नमस्कार, श्रोतेहो. नगरपरिषदेने अर्धवट सोडलेल्या गटारीचे पाणी दुकानात शिरले, किंवा महानगरपालिकेच्या पथकाने मोजणी न करताच कुंपण पाडले, तर भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. मात्र शेजाऱ्यावर लावावा तसा दावा या संस्थांवर थेट लावता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर अशा नगरपरिषदांसाठी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम ३०४ आहे, तर जळगाव आणि धुळे महानगरपालिकांसाठी १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७. दोन्हीकडे मुदती सारख्याच आहेत: नोटीस पोहोचल्यावर एक महिना दावा लावायचा नाही आणि नुकसान घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो लावायचाच. श्रोतेहो, पुन्हा सांगतो, एक महिना थांबणे आणि सहा महिन्यांच्या आत दावा लावणे, ही दोन्ही बंधने एकाच वेळी पाळायची असतात.

ती पाळताना माणसाची कशी तारांबळ उडते, याचा एक किस्सा मला नेहमी सांगावासा वाटतो. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी दोन भावांचा भुसाराचा धंदा होता. नगरपरिषदेने त्यांच्या गोदामाशेजारची गटार उकरून ठेवली आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिचे पाणी गोदामात शिरून उडीद-तुरीची पोती भिजली. थोरल्या शेठजींनी नगरसेवकांना गाठले, मुख्याधिकाऱ्यांना अर्ज केला, तहसीलदारांना अर्ज केला आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनातही आपले गाऱ्हाणे मांडले. प्रत्येक अर्जाची पोच त्यांनी जपून ठेवली होती, पण प्रत्येक अर्जात मागणी एकच होती, ती म्हणजे गटार बुजवावी. भिजलेल्या मालाच्या भरपाईचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता.

नोव्हेंबर उजाडल्यावर ते वकिलांकडे गेले. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कोणत्या तारखेला शिरले? शेठजी म्हणाले, "तारीख कोन ध्यानमा ठेवस, वकीलसाहेब?" त्यांची अशी समजूत होती की सहा महिने शेवटच्या अर्जापासून मोजले जातात. ते तसे मोजले जात नाहीत. ते नुकसान घडल्यापासून धावू लागतात आणि आपण केलेल्या अर्जांमुळे थांबत नाहीत. तारीख सापडली ती त्यांच्या जुन्या दिवाणजींच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत. १८ जूनच्या पानावर भिजलेली तूर गुरांसाठी विकल्याची रक्कम जमा होती आणि पाणी काढणाऱ्या हमालांची मजुरी खर्ची पडली होती. हाताने लिहिलेल्या रोजमेळाची सर संगणकाच्या बिलाला येत नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी इथे सांगून टाकतो.

म्हणजे १८ डिसेंबरच्या आत दावा लागायला हवा होता आणि त्याआधी नोटिशीचा पूर्ण महिना जायला हवा होता. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, परंतु वकिलांनी तिच्यावर विसंबून राहण्याचे नाकारले. त्यांनी त्याच दिवशी नोटीस लिहिली. तिच्यात दोन्ही भावांची नावे व पत्ते, काय घडले व कधी घडले, आणि किती भरपाई हवी, हे सारे स्पष्ट होते. नोटीस फक्त थोरल्यांच्या नावाने द्यावी, असा शेठजींचा आग्रह होता; पण दाव्यात जे वादी असणार, त्या सर्वांच्या वतीने नोटीस गेली पाहिजे, असे सांगून वकिलांनी धाकट्यालाही सहीला बोलावले.

१० नोव्हेंबरला शेठजी नगरपरिषदेच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कागद नोंदवण्याच्या ठिकाणी गेले, तेव्हा तिथल्या लिपिकाने साहेब बैठकीला गेल्याचे कारण सांगून शिक्का मारण्यास नकार दिला. वकिलांनी त्यांना पुन्हा पाठवले. साहेबांच्या हाती देण्याची गरज नाही, नोटीस कार्यालयात पोहोचती केली किंवा ठेवली तरी कायद्याला पुरेसे आहे, हे त्यांनी पढवून पाठवल्यावर शिक्का मिळाला. शिवाय त्याच दिवशी एक प्रत टपालाने गेली आणि तिची पावती फाइलीला लागली. त्या महिन्यात नगरपरिषदेचे अभियंता येऊन गटार बांधून गेले, पण भरपाईविषयी अवाक्षरही आले नाही. १२ डिसेंबरला दावा दाखल झाला.

नगरपरिषदेच्या लेखी जबाबात पहिला आक्षेप अर्थातच नोटिशीवर होता. नोटिशीत "दुकान" म्हटले आहे आणि दाव्यात "गोदाम", म्हणून नोटीस बेकायदेशीर! सरकारला द्यायच्या अशाच नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच म्हटले होते की तिची छाननी व्यवहारज्ञान सोडून, पंडिती काटेकोरपणे करू नये. वकिलांनी तेच दाखवले आणि आक्षेप फेटाळला गेला.

आता राज्य सरकारविषयी थोडक्यात. सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावायचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. नगरपरिषदेला एक, सरकारला दोन. राज्य सरकारची नोटीस सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी. तातडीची दाद हवी असेल, तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही सरकारवर दावा लावता येतो. या नोटिशींना कार्यालये उत्तरच देत नाहीत, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रत्येक सरकारला उत्तरासाठी जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले होते. तरीही उत्तर येईल या आशेवर कोणी मुदत घालवू नये, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट. गावातून जाणारा प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचाच असतो असे नाही. एखादा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, एखादा जिल्हा परिषदेचा. रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हे नोटिशीवर नाव घालण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, आणि तेही नुकसान झाले त्याच आठवड्यात.