दोन बाजूंचा बोर्ड

(दृश्य: स्विचबोर्डची प्लेट निघते. भिंतीतला पत्र्याचा डबा, आत वायरींचा गुंता.)

प्लेट उघडली की भिंतीत बसवलेला पत्र्याचा डबा दिसतो. त्यात फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि प्रत्येक बटणातून निघून वर छताकडे गेलेली एकेक वायर. आपल्याकडच्या घरांत या डब्यात न्यूट्रल बहुतेक असतोच, कारण बटणांच्या शेजारी एक सॉकेट असतं आणि सॉकेटला न्यूट्रल लागतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत बटणाच्या डब्यात तो बऱ्याचदा नसतो, आणि स्मार्ट स्विचला स्वतः चालायलाच न्यूट्रल लागतो, म्हणून तो बसवणाऱ्यांचं पहिलं अडतं ते तिथेच. आपल्या वायरमननी वर्षानुवर्षं एका रीतीने काम केलं, त्याची ही आयती सोय.

या डब्यात मावेल असा एक सर्किट बोर्ड आपल्याला आखायचा आहे. दोन दिवे, एक पंखा आणि एक ६ अँपिअरचं सॉकेट. फोनवरून चालावेत, ठरल्या वेळी लागावेत आणि भिंतीवरचं बटण दाबल्यावरही लागावेत. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. घरात आजी असते, पाहुणे असतात, अंधारात चाचपडत आलेलं पोर असतं. त्यांचा हात बटणाकडेच जाणार, आणि तो फुकट जाता कामा नये.

तयार वस्तू बाजारात भरपूर मिळतात. पण त्यातल्या अनेकांचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर असतो. रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं हब २०१६च्या मे महिन्यात कंपनीने बंद केलं, आणि लोकांच्या घरातली चालती उपकरणं एका दिवसात निकामी झाली. २०२२च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-बटणांच्या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले. आपल्या बैठकीच्या खोलीतला दिवा लागावा की नाही, हे दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या ताळेबंदावर ठरू नये, असं मला मनापासून वाटतं. बोर्ड स्वतः आखण्याचं खरं कारण हेच.

(दृश्य: बोटाच्या दोन पेरांएवढं मॉड्यूल, त्यावर चंदेरी झाकण.)

मेंदू म्हणून घेतला ईएसपी३२. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ साली आणलेली ही चिप. वायफाय तिच्यात आहेच, आणि तिच्यासाठी मोफत सॉफ्टवेअर लिहिणारे जगभर पसरले आहेत. पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे मॉड्यूल सहज मिळतं.

ईएसपी३२ चालतो ३.३ व्होल्टवर. भिंतीत आहेत २३० व्होल्ट, आणि एसी विजेच्या, म्हणजे खालीवर होणाऱ्या प्रवाहाच्या, लाटेचं शिखर गाठलं की ३२५. या दोन जगांना एकाच हिरव्या पाटीवर नांदवायचं, आणि त्यांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. बोर्डाची सगळी आखणी या एका अटीभोवती फिरते. फोनवरचं ॲप, आवाजावर चालणारे दिवे, हे सगळं त्यानंतरचं.

आधी हिशेब विजेचा. २३० व्होल्ट घेऊन ५ व्होल्ट देणारी बंद डबीतली पॉवर सप्लाय मिळते. हौशी लोक सहसा ३ वॉटची घेतात, ती ६०० मिलिअँपिअर देते. प्रत्येक दिवा, पंखा, सॉकेटमागे एक रिले, म्हणजे चुंबकाने हलणारं बटण; ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, सुमारे ७० मिलिअँपिअर खाते. चारही रिले एकदम लागले की झाले २८०च्या वर. त्यात ईएसपी३२ वायफायवर बोलताना क्षणभर अडीचशेच्या आसपास खेचतो, आणि एस्प्रेसिफ स्वतः सांगते की त्याच्यासाठी ५०० मिलिअँपिअरची सोय ठेवा. बेरीज ६००च्या पलीकडे जाते. असा बोर्ड टेबलावर व्यवस्थित चालतो आणि भिंतीत गेल्यावर मधूनच रिसेट होतो, आणि माणूस मग दोष वायफायला देत बसतो. म्हणून इथे ५ वॉटची सप्लाय, १ अँपिअरची. डबी थोडी मोठी आहे, जागा अडते, पण तडजोड इथे करायची नाही.

रिले हलवण्याचं काम यूएलएन२००३ या जुन्या, खणखणीत चिपकडे. सात वाटा आणि कॉइलचा उलटा झटका जिरवणारे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तिच्या पोटातच असतात. तिच्या प्रत्येक इनपुटवर जमिनीकडे जाणारा १० किलोओहमचा एक रेझिस्टर टाकला आहे. गेलेली वीज परत येते तेव्हा ईएसपी३२ जागा होईपर्यंत त्याच्या पिना अधांतरी असतात, आणि त्या क्षणात रिलेने टकटक करू नये म्हणून हा बंदोबस्त. पिनाही निवडून घ्याव्या लागतात. १२ नंबरची पिन चालू होताना चुकून वर ओढली गेली तर चिप जागीच होत नाही. ३४ ते ३९ या पिना फक्त वाचतात, त्यांच्याकडून रिले हलत नाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर की-कॅड. लाल आणि निळे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा.)

आखणी की-कॅडमध्ये. १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलेलं हे सर्किट बोर्ड आखायचं मोफत सॉफ्टवेअर. पुढे जिनिव्हातल्या सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हात दिला. आज एखाद्या गावातला डिप्लोमाचा विद्यार्थी आणि जिनिव्हातला संशोधक एकाच हत्याराने काम करतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पडद्यावर पहिली रेघ ओढली ती कुठल्याच ट्रॅकची नव्हती. बोर्डाच्या मधोमध एक रिकामी पट्टी आखली. तिच्या एका अंगाला २३०, दुसऱ्या अंगाला ३.३ आणि ५. या पट्टीत तांबं नाही, वरच्या थरात नाही आणि खालच्याही नाही. पट्टी ओलांडायची परवानगी फक्त तीन प्रकारच्या वस्तूंना: पॉवर सप्लाय, रिले आणि ऑप्टोकपलर. तिघांच्याही पोटात विजेचा धागा तुटलेला असतो. सप्लाय आणि रिले चुंबकाच्या जोरावर पलीकडे पोहोचतात, ऑप्टोकपलर प्रकाशाच्या.

पट्टी किती रुंद? इथे ६ मिलिमीटरच्या खाली यायचं नाही असं ठरवलं. कोरड्या हवेत २३० व्होल्ट एवढी उडी मारत नाहीत. पण पावसाळ्यात कोकणातल्या भिंती ओल धरतात, डब्यात धूळ साचते, आणि ओल्या धुळीचा थर हीच विजेची वाट होते. हवेतून सरळ अंतर वेगळं आणि पृष्ठभागावरून सरपटत जाण्याचं अंतर वेगळं. आपल्याकडे दुसऱ्याचीच काळजी जास्त.

आणि इथेच तो निळा, सगळीकडे मिळणारा छोटा रिले अडचण करतो. त्याच्या कॉइलच्या दोन पिना आणि फेजची मुख्य पिन एकाच टोकाला आहेत, फेजची पिन दोघींच्या अगदी मधे. पिनांभोवतीची तांब्याची वर्तुळं वजा केली की हातात राहतात जेमतेम ४ मिलिमीटर. उपाय एकच: त्या पिनेभोवती बोर्डाला आरपार खाच पाडायची. पृष्ठभागच उरला नाही की सरपटायला वाट नाही. चांगल्या रिले बोर्डावर अर्धगोल चिरा दिसतात त्या यासाठी. की-कॅडमध्ये ती खाच बोर्डाच्या कडेच्याच थरावर काढायची. कारखान्यात ती यंत्राने कोरून येते.

ट्रॅकची रुंदीही हिशेबाने. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा. ६ अँपिअर वाहताना ट्रॅक १० अंशांहून जास्त तापू नये तर तो साडेतीन मिलिमीटर रुंद हवा. जिथे चारही फांद्यांचा भार एकत्र येतो, तिथे सात. गिझरचं १६ अँपिअरचं सॉकेट या बोर्डावर घ्यायचंच नाही; त्याचं काम काँटॅक्टरचं, म्हणजे मोठा प्रवाह पेलणाऱ्या दणकट रिलेचं.

(दृश्य: जिना. खाली एक बटण, वर एक बटण.)

आता बटणाची अट. जिन्याची वायरिंग प्रत्येक वायरमनला येते. खालून लावा, वरून बंद करा. टू-वे स्विच दोन. आपण त्यातल्या एका स्विचच्या जागी रिले बसवतो. रिलेच्या आतली पाती दोन टोकांपैकी एकाला चिकटलेली असते, तिथून दोन वायरी भिंतीवरच्या टू-वे बटणाकडे जातात, आणि बटणाच्या मधल्या टोकातून वायर दिव्याला. बोर्ड मेला, वायफाय गेलं, काहीही झालं, बटण खालीवर केलं की दिवा लागतो आणि विझतो.

पण याची एक किंमत आहे. रिले लागलेला असणं म्हणजे दिवा लागलेला असणं, असं आता राहत नाही. ते बटण कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. म्हणून दिव्याच्या वायरीवरच पहारा लागतो. पीसी८१७ ऑप्टोकपलर, त्याच्या अलीकडे १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक, आणि उलट्या दिशेने एक डायोड. दोन रेझिस्टर का? पाव वॉटच्या रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टपर्यंतच झेपतं, आणि शिखर ३२५चं आहे. दोघांनी वाटून घेतलं की निभावतं. दिवा चालू असताना पलीकडे सेकंदाला ५० ठोके मिळतात. प्रोग्रामने एका क्षणाचं वाचन खरं मानलं तर ॲपवर दिवा लुकलुकताना दिसेल. शंभरेक मिलिसेकंद ठोके मोजले की उत्तर पक्कं.

आणखी एक: वीज गेली की रिले सुटतात. परत आल्यावर पाती मूळ जागी असते, त्यामुळे रात्री विझवलेला दिवा पहाटे तीनला आपोआप लागू शकतो. म्हणून शेवटची स्थिती चिपच्या स्मृतीत लिहून ठेवायची आणि जागं होताच परत आणायची. भारनियमन पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पंख्याची मोटर बंद करताना रिलेच्या पात्यावर ठिणगी पडते. त्यावर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावण्याची रीत आहे. हाच जोड दिव्याच्या रिलेला लावला तर? कपॅसिटरमधून ७ मिलिअँपिअर सतत झिरपतात, आणि बंद केलेला एलईडी बल्ब रात्रभर मंद जळत राहतो. म्हणून तो फक्त पंख्याला. पंख्याचा रेग्युलेटर मात्र भिंतीवर आहे तसाच.

बोर्डात फेज शिरते तिथेच फ्यूज आणि त्याच्यामागे २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग), याच क्रमाने. तीन फेजच्या वस्तीत न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. तेव्हा व्हॅरिस्टर स्वतः जळतो. त्याच्याआधी फ्यूज उडायला हवा.

आणि पत्र्याचा डबा. त्यात वायफाय कोंडतं. मॉड्यूलचा अँटेना असलेलं टोक बोर्डाच्या कडेबाहेर काढलं, त्याच्याभोवती १५ मिलिमीटर तांबं ठेवलं नाही, आणि ते टोक समोरच्या प्लास्टिकच्या प्लेटकडे वळवलं. बोर्ड आणि पत्रा यांच्यामध्ये इन्सुलेशनचा जाड कागद.

(दृश्य: प्रिंटरमधून निघालेला कागद, त्यावर ठेवलेला रिले.)

कारखान्याला फाइल पाठवण्याआधी नकाशा मूळ मापात कागदावर छापायचा आणि खऱ्या वस्तू त्यावर ठेवून पाहायच्या. रिलेची पिन छिद्रात बसते का, डबी कडेला घासते का. कागदाला पैसे लागत नाहीत. मग गर्बर फाइली (कारखान्याला लागणारे बोर्डाचे नकाशे), १.६ मिलिमीटर जाडीचं काचतंतूचं पान, दोन थर.

बोर्ड आले, कथिलाचं काम झालं. पहिली वीज फक्त ५ व्होल्टची, बाहेरून. प्रोग्राम तेव्हाच भरायचा. मग सिरीज लॅम्प: १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, बोर्डाच्या आधी फेजमध्ये. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बोर्ड वाचला आहे. तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांची ही परीक्षा कुठल्याही महागड्या यंत्राइतकीच भरवशाची आहे.

भिंतीत बसवायचं काम परवानाधारक वायरमनचं. एमसीबी खाली, टेस्टरने खात्री, मग हात. त्याच्यासाठी बोर्डावर पांढऱ्या शाईत देवनागरीत छापलं आहे: फेज, न्यूट्रल, दिवा १, दिवा २, पंखा, सॉकेट. रिकाम्या पट्टीच्या २३०च्या अंगाला: २३० व्होल्ट, हात लावू नये. आणि मागच्या बाजूला एक ओळ, दहा वर्षांनी हा डबा उघडणाऱ्या अनोळखी वायरमनसाठी: बोर्ड काढायचा असल्यास प्रत्येक रिलेची मधली आणि ‘बंद’ खुणेची वायर एकत्र जोडावी, बटणं पूर्वीसारखी चालतील.