भाड्यातून हप्ता फिटतो का? सांगलीतल्या फ्लॅटचं गणित

नमस्कार मंडळी! "घेऊन टाका हो, भाड्यातूनच हप्ता फिटतोय." साइट बघायला गेलं की हे ऐकायला मिळतंच. आज ते कागदावर मांडून बघू.

विश्रामबागला 40 लाखांचा टू बीएचके धरू आणि भाडं 11 हजार. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या भागातले घाला. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 32 लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळी, ती आपल्या खिशातून.

व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 27,800 रुपये. पहिल्या हप्त्यात व्याजच 22,667. मुद्दल फिटलं जेमतेम पाच हजार! आणि भाडं सगळं हप्त्यात घातलं तरी दर महिन्याला जवळपास 17 हजार पगारातून जाणार. दर एक टक्क्यानं वाढला, तर हप्ता आणखी दोन हजारांनी चढतो, नाहीतर मुदत लांबते.

म्हणून मी उलटं सुरू करते. आधी भाडं, मग कर्ज.

वर्षाला 11 महिन्यांचंच भाडं धरा. एक भाडेकरू गेला की रंग, सफाई, नवीन माणूस मिळेपर्यंत महिना सहज जातो. झाले 1 लाख 21 हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती असे 20 हजार काढा. महिन्याला हातात राहिले 8,400. साडेआठ टक्क्यांनी लाखाला 868 रुपये हप्ता बसतो. म्हणजे हे भाडं पेलतं पावणेदहा लाखांच्याही आतलं कर्ज. घर 40 लाखांचं आहे, लक्षात घ्या! बाकीचा भार तुमचा पगार वर्षानुवर्षं सोसणार असेल, तर जरूर घ्या.

आता जागा. मिरजेचे दवाखाने, मेडिकल कॉलेज, इकडे वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, कुपवाडची एमआयडीसी, यांच्या आसपास भाडेकरू मिळतो. पण सांगलीत आधी पाणी बघायचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा शहरात शिरलं. पूररेषेचा नकाशा मागून घ्या: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. आणि पार्किंगमध्ये जाऊन मीटरची पेटी बघा. नंतर उचलून छाताडभर उंचीवर बसवलीय का? भिंतीला रंग दिला की पुराची खूण झाकते, पेटी मात्र सांगते. समोरच्या किराणा दुकानातही विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?"

टॅक्सचं थोडक्यात. घरपट्टी वजा जाता भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं की जो घराचा तोटा दिसतो, तो नव्या करप्रणालीत पगारातून वळता होत नाही. एजंट हे सांगत नाहीत.

शेवटचं, भाडेकरार. ओळखीचा माणूस आहे म्हणून तोंडी किंवा नुसत्या नोटरीवर भागवू नका. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. लेखी, नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. त्या चुकीच्या आहेत हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी ऑनलाइन होते. चावी द्यायच्या आधी करून घ्या.