खुराड्यातली अंडी गेली? आधी उंदराचं बीळ शोधा

नमस्कार मंडळी. आधी हा हात बघा. या हाताने मी कित्येक वर्षं पहाटे अंधारात, बॅटरी न घेता, खुराड्यात चाचपून अंडी काढत आले. सवयच ती. कोंबडी कुठे बसते, अंडं कुठे घरंगळतं, सगळं हाताला पाठ.

गेल्या जूनमध्ये खुडूक कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवली होती. अकरा अंडी. एक दिवस पहाटे बघते तर कोंबडी अंड्यांवर नाही, वरच्या दांडीला चिकटून कलकल करतेय. मला वाटलं, हिला काय झालं आता! हात आत घालणार तेवढ्यात कोपऱ्यातून फुसकारा आला. मंडळी, तो आवाज एकदा ऐकलात की पुन्हा ओळखायला शिकवावं लागत नाही.

बॅटरी आणून लांबून मारली. साडेतीन फुटी नाग. अर्धा जाळीच्या बाहेर, अर्धा आत, आणि पोटात दोन गाठी. रिकाम्या पोटी भोकातून आत शिरला, अंडी गिळली आणि आता त्याच भोकातून निघता येईना. सर्पमित्र आले, त्यांनी पकडीने जाळीची एकेक तार कापली. गडबडीत नागाने एक अंडं बाहेर टाकलं. अख्खं! वरून चिकट, ओलं, पण साधा तडासुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता हे कोण खाणार?" आम्ही कोणीच नाही खाल्लं.

जाता जाता त्या सर्पमित्रांनी खुराड्याच्या मागे बोट दाखवलं. (मागे जाऊन, खाली बसून) हे इथे. आता बुजवलंय, पण तेव्हा इथे घुशीचं बीळ होतं. आणि बीळ का होतं? कारण मी रोज संध्याकाळी कणी टाकायचे, उरलेली रात्रभर तशीच. कणीला घूस आली, घुशीच्या वासावर नाग आला. कोंबड्यांची अंडी त्याला आयती मिळाली, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं एकच. साप खुराड्याकडे येतो तो बहुतेक वेळा उंदरामागे. घोणसच घ्या. तिला तुमच्या अंड्यांशी काही देणंघेणं नाही, ती उंदीर खाते. पण त्याच बिळाशेजारी, त्याच नारळाच्या सोडणांच्या ढिगात ती गुंडाळी करून बसते, आणि पाय पडला की चावते. अंडी, पिल्लं खाणारा म्हणाल तर नाग. धामण पिल्लं उचलते. अजगर मात्र अख्खी कोंबडी नेतो.

चोर कोण, हे बऱ्याचदा खुणांवरून कळतं. अंडं गायब आणि टरफलाचा कपचाही नाही, तर सापाचा संशय घ्या. टरफलं फोडून पसरलेली असली तर मुंगूस किंवा कावळा. कोंबडीची मान फाडलेली, पिसं उडालेली, तर रानमांजर नाहीतर मुंगूस. आणि एक खूण फारशी कोणी सांगत नाही: पिल्लू मेलेलं, जखम दिसत नाही, पण डोकं-मान ओली आणि पिसं अंगाला चप्प बसलेली. सापाने गिळायला घेतलं, पंखांशी अडलं, सोडून दिलं.

आता जाळी. (तुकडा दाखवत) ही षटकोनी भोकांची चिकन जाळी. नाव चिकन जाळी, म्हणून आपण डोळे झाकून आणतो. ही कोंबडीला आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. ही दुसरी बघा, चौकोनी, पाव इंची भोक. यातून माझी करंगळीसुद्धा जात नाही. सगळीकडे परवडत नसेल तर खालचे तीन फूट आणि दाराभोवती तरी हीच लावा. जमिनीत फूटभर पुरा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे घूस उकरत आली की जाळीला अडेल. नाग काही स्वतः बीळ खणत बसत नाही, घुशीचं तयार बीळ वापरतो. दाराखालची फटही बघा. माझ्या दाराखालून मोबाईल आडवा सरकत होता, म्हणजे साप आरामात.

आणि माशाचं जुनं नायलॉनचं जाळं खुराड्याला गुंडाळू नका, कृपा करा. साप त्यात अडकतो, सुटायच्या धडपडीत गुरफटत जातो आणि तडफडून मरतो. अडकलेला नाग सोडवायला जाणारं माणूस तर आणखीनच धोक्यात.

फिनेल, डांबराच्या गोळ्या, गंधक, लसूण, कार्बोलिक ॲसिड... मी स्वतः दोन पावसाळे फिनेल ओतलंय. पैसे गेले, कोंबड्या शिंकल्या. यांच्या भरवशावर झोपू नका. त्यापेक्षा संध्याकाळची कणी झाडून घ्या, दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवा, लाकडं आणि सोडणं खुराड्यापासून लांब रचा. रोजची अंडी रोज काढा, तिन्हीसांजेला दार बंद करा. "कोंबड्या असल्या की साप येत नाही" असं आमच्याकडे म्हणतात. दिवसा कोंबडी सापाचं एवढंसं पिल्लू टोचून खाते, हे खरं. पण रात्री तिलाच धड दिसत नाही, ती तुमचं काय राखणार?

एवढं करूनही साप दिसलाच, तर मागे व्हा. मुलं आणि कुत्रा घरात. एकाने सात-आठ फुटांवरून नजर ठेवायची, दुसऱ्याने सर्पमित्राला नाहीतर वन विभागाच्या १९२६ नंबरला फोन करायचा. "धामणच आहे हो" म्हणत काठी घेऊन पुढे होणारा एक काका प्रत्येक वाडीत असतो. त्याला आवरा. नागाने फडा काढला नसेल तर तो धामणीसारखाच दिसतो. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, हे मलाही माहीत आहे. पण रेघा मोजण्याइतकं जवळ जायचं कशाला? आणि साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, धामण असो की नाग.

चावलाच तर? बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सूज चढते. हात मोडल्यावर जसा स्थिर ठेवतो तसा ठेवा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नाही. १०८ ला फोन, थेट दवाखाना. साप पकडून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच लस चालते.

फुरशावरून आठवलं. आपल्या रत्नागिरीत ते भरपूर. जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, चिऱ्यांच्या फटी असतात ना, तिथे फूटभर लांबीचं बसलेलं असतं. कोंबड्यांशी त्याचा संबंध नाही, पण खुराड्यामागे बीळ शोधायला वाकाल तेव्हा हात त्या फटींपासून लांब ठेवा. अंग अंगाला घासून करकर आवाज करतं, तो ऐकू आला की थांबा.

आता कॅमेरा तिकडे नेते. तो सोडणांचा ढीग अजून खुराड्याला टेकलेलाच आहे, कालपासून सासूबाई ओरडतायत. गमबूट घातलेत, ही लांब दांड्याची आकडी घेतलीय. वरचं सोडण आधी आकडीने ओढायचं, हाताने नाही. चला.