सहा मिनिटं मागे पडलेला युरोप

नमस्कार, श्रोतेहो. २०१८ च्या मार्चमध्ये युरोपातल्या असंख्य स्वयंपाकघरांतली ओव्हनची घड्याळं मागे पडली. थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ सहा मिनिटं! घड्याळं मात्र ठणठणीत होती. ही घड्याळं विजेचे हेलकावे मोजून वेळ दाखवतात, सेकंदाला ५०. कोसोवो युरोपच्या सामायिक वीजजाळ्यातून, म्हणजे ग्रिडमधून, जादा वीज ओढत होता, तूट भरून काढायला सर्बिया तयार नव्हता. तुटीने हेलकावे मंदावले. भांडण त्या दोघांचं आणि उशीर स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत २५ देशांना.

युरोपच्या एकीवर बोला म्हटलं की लोक ब्रसेल्समधली भाषणं काढतात. मला ही घड्याळं जास्त खरी वाटतात. तिथे, युरोपीय संघाच्या मुख्यालयात, परराष्ट्र धोरणाचा ठराव २७ सदस्य देशांच्या होकाराशिवाय पुढे सरकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचं ठरलं, तेही विरोध करणारे हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान तेवढ्यापुरते दालनाबाहेर गेले म्हणून. आता याला नेतृत्व म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

पण तारांचा कारभार बघा. २४ फेब्रुवारी २०२२. मध्यरात्रीनंतर युक्रेनने रशियाच्या ग्रिडपासून स्वतःला तोडलं. तीन दिवसांची चाचणी होती, एकट्याने चालता येतं का हे पाहायला. काही तासांत रणगाडे आत शिरले. परत रशियाच्या तारेला जायचा प्रश्नच उरला नाही. युरोपशी जोडणी पुढच्या वर्षी व्हायची होती. ती १६ मार्चला, अवघ्या तीन आठवड्यांत झाली. वर युद्ध चालू, आणि अभियंते ५० हर्ट्झ, म्हणजे तेच सेकंदाला ५० हेलकावे, सांभाळत बसलेले!

सोलापूरकरांना जोडणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीनेच दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी एका तालात आणलं. आपल्याकडे निदान सरकार एक होतं.

एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया ही तीन राष्ट्रं २००४ मध्ये युरोपीय संघात गेली, नाटोतही गेली. विजेचा ताल मात्र मॉस्कोच्या नियंत्रण कक्षातच. म्हणजे बिऱ्हाड वेगळं केलं, पण मेन स्विच जुन्या घरमालकाच्या खोलीत. बाहेर पडायचं हे २००७ पासून ठरलेलं. कुणाच्या वाटेने, यावरच वर्षं गेली. शिवाय नुसत्या तारा कापून भागत नाही. कुंभाराचं चाक आठवा, काठी काढली तरी ते फिरत राहतं. विजेचा ताल टिकवायला तशी जड, अखंड फिरणारी यंत्रं तिन्ही देशांत बसवावी लागली. खर्च सुमारे १६० कोटी युरो, त्यातला मोठा वाटा संघाच्या तिजोरीतून. तार दिली पोलंडने. आणि रेटा होता या तिघांचा, ज्यांची एकत्र लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. पॅरिस-बर्लिनकडे डोळे लावून बसलेल्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

ऐन नाताळात, २०२४ च्या २५ डिसेंबरला, फिनलंड-एस्टोनियाची समुद्राखालची वीजतार तुटली. संशयावरून फिनलंडने एक तेलवाहू जहाज अडवलं. तरी ठरलेली तारीख कुणी हलवली नाही. ८ फेब्रुवारी २०२५ ला रशियाकडच्या तारा बंद झाल्या, ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपशी गाठ बसली. मधे जवळपास दिवसभर तिन्ही देश एकटेच, आपल्याच जोरावर. एस्टोनियात काहींनी घाबरून जनरेटर घेऊन ठेवले होते.

दिवे गेले नाहीत.