पणती, कापूस आणि चार-पाच वर्षांचे हात

नमस्कार ताई लोकहो, आणि मागे उभे असलेले पालक, तुम्हीपण पुढे या, जागा आहे.

मला आज एकच सांगायचंय. दिवाळीच्या आधी आपण बालवाडीत जे हस्तकलेचं करतो ना, आकाशकंदील, पणती रंगवणं, ते पोरांच्या हातचं असू द्या. सुरुवातीची काही वर्षं मीपण बाजारातून तयार कटिंग आणायचे, पोरं फक्त चिकटवायची, उरलेलं मी रात्री बसून पूर्ण करायचे. फोटो छान यायचे, पालक खूश. पण पाडव्यानंतर एका मुलीला विचारलं, बाळा तू काय बनवलं होतंस, तर ती म्हणाली, बाईंनी बनवलं. ते मला फार लागलं हो.

मग आम्ही कापसापासून सुरुवात केली. आपल्या खानदेशात दसरा-दिवाळीच्या दिवसांत घरोघर वेचणी चालू असते, कितीतरी घरात दिवाळीचे कपडे पहिल्या वेचणीच्या पैशातून येतात, मग वर्गात दुकानातला कापूस कशाला आणायचा? पोरांना म्हटलं एकेक बोंड घेऊन या. बोंडातून कापूस काढायचा, सरकी वेगळी करायची (ही सरकी सुटता सुटत नाही, बोटांना चांगला व्यायाम होतो), मग तळहातावर घेऊन वात वळायची. एक एरवी गप्प बसणारं पोरगं एकदम म्हणालं, "बाई, मनी माय बी अशीच वात करस!" त्या दिवसापासून ते वर्गात बोलायला लागलं, अहिराणीत, आणि मी त्याला अडवलं नाही. तुम्हीपण अडवू नका.

पणत्या कुंभारवाड्यातून साध्या आणायच्या, रंग नसलेल्या. रंगवायच्या आधी त्यातली एक बादलीत बुडवा आणि पोरांना कान लावून ऐकू द्या. सच्छिद्र मातीतून हवा निघते, बारीक बुडबुडे येतात, सूंऽऽ असा आवाज येतो. पोरं म्हणतात पणतीला तहान लागलीय. आई दिवाळीला पणत्या पाण्यात का टाकते, तर पाणी आधीच पिऊन घेतलं की ती तेल कमी पिते, हे त्यांना तिथंच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. वातीचंही तसंच, तंतूंच्या मधल्या बारीक जागेतून तेल वर चढतं, फार घट्ट पिळलेली वात नीट जळत नाही, सैल वळलेली चांगली जळते, दोन्ही शेजारी लावून दाखवा. पेटवायचं मात्र बाईंनीच, पोरं दोन हात लांब, ओढण्या आणि झग्याचे घेर आवरून.

हे काही मी नवीन काढलेलं नाही. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पोरांसोबत हेच करत होत्या, शंख-शिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला सापडेल ते शिकवायचं साहित्य. महाग किट नाही म्हणून आपली बालवाडी कमी, असं कुणी मनात आणू नका.

कंदिलाला कामट्या, पतंगी कागद आणि कणकेची खळ पुरते. कामट्यांचे टोकदार तुकडे आधी तुम्ही घासून घ्या. कंदील वाकडा होणार, होऊ द्या.

आणि एक विनंती. नंदुरबारकडची, चाळीसगावकडचीसुद्धा, काही घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, पोरं सोबत जातात. त्यांचे कंदील सुट्टी लागायच्या शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवर टांगून ठेवू नका, चार-पाच दिवस आधीच हातात द्या. मागच्या वर्षी एक पोरगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून निघाली होती, आणि कंदील चेपू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता.