कन्सल्टंटचा फोन ठेवल्यावर

(बडोद्यातील नोकरी शोधणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कंपन्यांना माणसं शोधून देणारा कन्सल्टंट आधी घाई करतो आणि मग अचानक गप्प होतो. तो असा का वागतो हे कळायचं असेल, तर आधी त्याला पैसे कोण देतं ते पाहा. त्याचं बिल कंपनी भरते. बहुधा वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार, आणि तोही उमेदवार रुजू झाल्यावर. तुम्ही ६० ते ९० दिवसांत सोडून गेलात तर त्याला बहुतेक वेळा बदली माणूस फुकट द्यावा लागतो. म्हणून त्याला घाई असते, आणि तुमची निवड झाली नाही की त्याचा फोन बंद. या गप्प बसण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मुलाखतीनंतर तीन दिवसांनी एक ईमेल, आठवड्याने दुसरा, आणि मग पुढे चला.

खरं नुकसान होतं ते बायोडाटा परस्पर पाठवल्यामुळे. समजा, मंजुसरच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरची जागा आहे. तुमचा बायोडाटा तिथे दोन कन्सल्टन्सींकडून पोचला, तर कमिशन कोणाचं यावर वाद होतो, आणि तो टाळायला एचआर कित्येकदा तुमचं नावच बाजूला काढतं. तुम्हाला याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींचा ईमेल टाका: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक कंपनीच्या क्वालिटी इंजिनिअर पदासाठी माझा बायोडाटा पाठवायला माझी संमती आहे. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवण्याआधी मला विचारावं.’ कंपनीचं नाव पहिल्या फोनवर सांगितलं नाही तर समजू शकतं. उमेदवार थेट अर्ज करेल अशी त्यांना भीती असते. पण बायोडाटा पुढे जाण्याआधी नाव कळलंच पाहिजे. नाव न सांगणाऱ्याला संमती देऊ नका. एका वहीत तारीख, माणूस, कन्सल्टन्सी, कंपनी, पद आणि सांगितलेला पगार लिहून ठेवा.

बायोडाटा पीडीएफमध्ये द्या, आणि पुढे गेलेली प्रत मागून घ्या. काही जण तो आपल्या साच्यात बसवताना दोन वर्षांच्या अनुभवाची साडेतीन वर्षं करतात. मुलाखतीत अडखळता तुम्ही, आणि तिथून निभावलं तरी पडताळणीत पीएफच्या नोंदी खऱ्या तारखा दाखवतातच. खोटेपणाचा ठपका मात्र तुमच्यावर येतो.

पगाराच्या बाबतीत ‘सीटीसी किती’ एवढ्यावर थांबू नका, ‘हातात किती’ विचारा. महिन्याचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, २५,००० असेल आणि पूर्ण बेसिकवर पीएफ असेल, तर कंपनीचा पीएफ ३,०००, तुमचा ३,००० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १,२०० रुपये सीटीसीतूनच जातात. आपल्या गुजरातचा २०० रुपये व्यवसाय कर वेगळा.

कागदपत्रांचं सांगतो. ऑफर येण्याआधी आधार, बँक पासबुक, पॅन कुणालाही नको. ओळख दाखवावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. यूएएनचा (पीएफ खात्याच्या क्रमांकाचा) ओटीपी किंवा मूळ प्रमाणपत्रं कधीच नाही. ऑफर लेटर आलं की कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून एचआरला फोन करा. लेटरवर छापलेल्या नंबरावर करू नका, कारण बनावट लेटरवरचा नंबरही बनावट असतो. हे झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका, मग कन्सल्टंट ‘आजच टाका’ म्हणून कितीही मागे लागो.

नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप, गेटपास, कोणत्याही नावाने पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.

आखाती देशांत वेल्डर, फिटर म्हणून जाणाऱ्यांना नियम वेगळा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेला एजंट सेवाशुल्क घेऊ शकतो, पण ते ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त नाही, आणि तेही पावती देऊन. परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना पाहा, परवाना चालू आहे की रद्द झालाय तेही तिथेच दिसतं. पासपोर्ट ‘ऑफिसमध्ये राहू दे’ म्हणाला तर परत घेऊनच बाहेर पडा.